बरणीतले लोणचे आणि डबीतले क्रीम

बरणीत ओला चमचा घालू नये, हे वाक्य ज्याच्या कानी कधी पडले नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत सापडणे कठीण. घरोघरच्या आज्या, आया आणि काकवा हे सांगत आल्या आहेत, आणि कारण विचारणाऱ्यास ‘बुरशी येते’ एवढे उत्तर मिळत आले आहे. उत्तर अगदी बरोबर आहे. परंतु त्याच घरातील आरशापुढच्या फळीकडे आता दृष्टी वळवावी. तेथे तोंडास लावावयाच्या क्रीमची डबी असते. स्नान करून आलेला मनुष्य ओल्या बोटाने तीतले क्रीम काढतो, पुरले नाही तर बोट पुन्हा बुडवतो, झाकण अर्धेमुर्धे लावतो आणि निघून जातो. त्यास कोणी हटकत नाही. लोणच्यास लागू असलेला नियम क्रीमला का लागू नसावा, हा प्रश्न आम्ही वर्गात विचारला तेव्हा मुले हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अन्न टिकवण्याची विद्या आणि प्रसाधने टिकवण्याची विद्या एकच आहे. अन्नाने ती हजारो वर्षांत हळूहळू कमावली, प्रसाधनांनी ती गेल्या शेदीडशे वर्षांत घाईघाईने उसनी घेतली, आणि उसनवारीत घरातला शहाणपणा मात्र मागेच राहिला, असे आम्हांस वाटते.

प्रथम, वस्तू नासते म्हणजे काय होते ते पाहू. भात आंबतो, भाकरीवर बुरशी चढते, तेल खवट होते. पहिल्या दोन गोष्टी सूक्ष्म जीवांच्या करणीने घडतात. तेलाचे खवटणे मुख्यतः हवेतील प्राणवायूमुळे होते, आणि उजेड व उष्णता त्यास हातभार लावतात. ह्या जिवंत शत्रूंना वाढण्यास पाणी लागते. ते पदार्थात नुसते असून भागत नाही, मोकळे असावे लागते. मीठ आणि साखर पाण्याला आपल्याशी बांधून ठेवतात, आणि असे बांधलेले पाणी जंतूंच्या उपयोगी पडत नाही. ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट ह्या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रयोगांनी दाखवून दिले की जंतूंची वाढ पदार्थातील एकूण पाण्यावर अवलंबून नसते, ती अशा मोकळ्या पाण्यावर अवलंबून असते. शुद्ध पाण्यास १ हा अंक दिला, तर बहुतेक जीवाणू सुमारे ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत, बहुतेक बुरश्या ०.८० च्या खाली थांबतात, आणि ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्म जीव वाढत नाही. मध वर्षानुवर्षे राहतो, पापड डब्यात राहतात, आणि पाक कच्चा राहिलेल्या मोरांब्याला मात्र बुरशी येते, ह्या साऱ्याचा उलगडा त्या एका अंकात आहे.

ह्या अंकाची गंधवार्ताही नसताना आमच्या गोव्यातील आणि कोकणपट्टीतील माणसांनी त्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या केला. गोव्यात पावसाळ्यासाठी करावयाच्या बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील तरतूद ह्या अर्थाच्या शब्दावरून आला. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला लोक आजही ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणतात, कारण त्या वेळी भरणाऱ्या बाजारात ही बेगमी मिळते. समुद्र खवळला की होड्या किनाऱ्यास लागत, नद्या फुगल्या की तरी बंद पडत. ज्या घरात मे महिन्यात पुरुमेंत झाले नाही त्या घरात श्रावणापर्यंत पेजेबरोबर तोंडी लावण्यास काही उरत नसे. आज दुकाने बारा महिने उघडी असतात, म्हणून ह्या गोष्टीचे गांभीर्य मुलांच्या ध्यानी येत नाही.

पुरुमेंतातील एकेक जिन्नस पाहिला म्हणजे त्यामागील विचार किती बारीक होता हे कळते. बांगडे चिरून मीठ भरून वाळवावयाचे, म्हणजे मीठ आणि ऊन असा दुहेरी बंदोबस्त. कोळंबी नुसती उन्हातच कडकडीत करावयाची. चिंच सोलून, चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे करावयाचे. आंबटपणा तिच्या अंगचाच. भिरंडाची सोले त्याच फळाच्या रसात मीठ घालून पुन्हापुन्हा बुडवावयाची आणि प्रत्येक वेळी वाळवावयाची. कैऱ्या मिठात घालून वर दगड ठेवावयाचा. मीठ कैरीतील पाणी ओढून बाहेर काढते आणि कैरी आपल्याच पाण्याच्या खाऱ्या तळ्यात बुडून राहते. आंब्याफणसाची साठे मात्र भलतीच नाजूक: चार दिवसांचे ऊन मिळाले तर वर्षाची ठेव, आणि वळवाची एक सर आली तर सारी मेहनत मातीत. हे सर्व करणाऱ्या बायका शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण कोणत्या जिनसाला कोणता उपाय, आणि कोठे दोन उपाय एकत्र लागतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आंबटपणाचा उपाय गोव्यात शिरक्याच्या रूपाने विशेष वाढला. नारळीची सूर ठेवून दिली की आधी तिची दारू होते आणि मग हवेतील विशिष्ट जीवाणू त्या दारूचा शिरका करतात. म्हणजे एका सूक्ष्म जीवाला कामाला लावून दुसऱ्यांना दाराबाहेर ठेवण्याची ही युक्ती. पोर्तुगीज लोक मांस द्राक्षाच्या दारूत आणि लसणीत मुरवून ठेवीत. त्या रीतीच्या ‘विन्य द आल्युश’ ह्या नावाचेच गोव्यात ‘विंदालू’ झाले. दारूच्या जागी शिरका आला, मिरची आली. त्यातील ‘आलू’ म्हणजे लसूण. परगावच्या हॉटेलांत त्यात बटाटे घालून देतात, तो केवळ शब्दाचा घोटाळा आहे.

लोणच्यावर तेलाचा थर असतो, त्याचे काम मात्र बहुतेकांस नीट समजलेले नसते. तेल जंतूंना मारीत नाही. ते हवा अडवते. म्हणजे ते झाकणाचे काम करते. बुरशीला हवा लागते, म्हणून ती तेलाखाली वाढत नाही. परंतु काही जीवाणू हवा नसेल तेथेच सुखाने वाढतात, आणि त्यांपैकी एक, बॉट्युलिझम हा रोग करणारा, अत्यंत जहाल विष निर्माण करतो. कॅनडातील व्हँकूवर शहरी १९८५ साली एका उपाहारगृहातील तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणीमुळे ३६ माणसांना तो रोग झाला. लसणीवर तेल होते. पण मीठ व आंबट नव्हते आणि बरणी थंड जागी ठेवलेली नव्हती. आपल्या लोणच्यात मीठ आणि कैरीचा किंवा लिंबाचा आंबटपणा राखण करतात, तेल केवळ दार लावते. राखणदार आणि दार ह्यांतील हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

दाराचा विषय निघाला म्हणून भांड्यांविषयी थोडे. साधे मातीचे मडके झिरपते, आणि तांब्यापितळेचे भांडे आंबटाने कळकते. म्हणून तांब्यापितळेला कथलाची कल्हई करीत, आणि लोणच्याला काचेसारखा लुकण दिलेली चिनी मातीची बरणी वापरीत. हिंदी व गुजराती भाषांत तिला ‘मर्तबान’ म्हणतात, ते ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरावरून. चौदाव्या शतकात इब्न बतूता ह्या प्रवाशाने अशा मोठ्या बरण्यांचा उल्लेख केला आहे; त्यांत आले, मिरी, लिंबू आणि आंबा समुद्रप्रवासासाठी खारवून भरलेले होते. साडेसहाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचून आपल्या स्वयंपाकघराच्या माळ्याची आठवण होते.

आता प्रसाधनांकडे वळू. जुन्या काळच्या प्रसाधनांत एक गोष्ट आढळते: त्यांत पाणी साठवून ठेवलेले नसे. उटणे, शिकेकाई, हळद, कुंकू हे सारे कोरडे. काजळ तुपात किंवा एरंडेलात. केसांस तेल. ज्यास पाणी लागेच ते रोज ताजे करावयाचे: चंदन सहाणेवर आजचे आजच उगाळावयाचे, उद्या पुन्हा नवे. कनोजच्या अत्तरवाल्यांची रीत तर आम्हांस फारच चातुर्याची वाटते. तेथे अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्यांत भरून ठेवीत. ऊर्ध्वपातनातून अत्तराबरोबर थोडे पाणी उतरते. ते कातडे ते पाणी शोषून हळूहळू बाहेर उडवून लावते आणि सुगंधी तेल आत ठेवते. येथे भांडे नुसते दार न राहता राखणदारही झाले आहे.

इतर देशांतही हीच रीत होती. इजिप्तमधील तूतनखामेन राजाचे थडगे १९२२ साली उघडले, त्यात अंगराग भरलेले एक दगडी पात्र मिळाले. १९२६ साली त्यातील पदार्थाचे पृथक्करण झाले: सुमारे ९० टक्के प्राण्यांची चरबी आणि १० टक्के राळेसारखा सुगंधी द्रव्याचा भाग. सव्वातीन हजार वर्षे पडून राहिलेला तो पदार्थ ओळखता येण्याजोगा होता. ह्याहून नवलाची वस्तू लंडन शहरात मिळाली. साउथवर्क भागातील उत्खननात २००३ साली रोमन काळातील, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील, कथलाची एक लहान गोल डबी सापडली. झाकण इतके घट्ट बसलेले की आत पांढरे क्रीम जसेच्या तसे. ब्रिस्टल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ते तपासले. प्राण्यांची चरबी, पिष्ट, आणि पांढरेपणासाठी कथलाचे भस्म अशी त्याची घडण निघाली. पूर्वी चेहरा गोरा दिसावा म्हणून विषारी सफेता वापरीत, त्यामानाने हे निरुपद्रवी. त्याच शास्त्रज्ञांनी तेच क्रीम पुन्हा तयार करून अंगास लावून पाहिले. परंतु आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या डबीत क्रीम वापरणाराच्या बोटांचे ठसे उमटलेले होते. सुमारे १८०० वर्षांपूर्वीही मनुष्य क्रीममध्ये बोटच घालीत होता!

त्याच दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन नावाचा विख्यात ग्रीक वैद्य होऊन गेला. मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून त्याने एक मलम केले. अंगास लावताच त्यातील पाणी उडून गार वाटे, म्हणून त्यास पुढे ‘कोल्ड क्रीम’ हे नाव पडले. ही घटना लहानशी दिसते, पण तेथून प्रसाधनांचे संकट सुरू झाले. आतापर्यंत बाहेर ठेवलेले पाणी डबीच्या आत शिरले. गेलेनचे मलम थोड्या दिवसांत फुटे, तेल खवटे. वैद्य किंवा औषधवाले ते लागेल तसे ताजे करून देत, म्हणून कित्येक शतके कोणाचे अडले नाही. अडले ते कारखाने निघाल्यावर, जेव्हा एका गावी केलेली डबी हजार मैलांवरच्या दुकानात सहा महिने पडून राहू लागली.

त्या वेळेपर्यंत अन्नाने एक मोठी मजल मारली होती. फ्रान्समधील निकोला आपेर हा मिठाईवाला. त्याने रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांत मांस, भाज्या व फळे भरली, बुचे घट्ट बसवून तारेने बांधली आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न महिनोन्‌महिने टिकले. फ्रेंच सरकारने १८१० साली त्यास १२,००० फ्रँक दिले, अट एवढीच की त्याने आपली कृती छापून सर्वांस खुली करावी. ती त्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केली. अन्न का टिकते हे मात्र त्यासही ठाऊक नव्हते. ते कारण लुई पाश्चर ह्याने १८६० च्या सुमारास दाखवले, तेव्हा आपेर हयात नव्हता.

१८१० सालीच इंग्लंडात पीटर ड्युरंड ह्याने काचेऐवजी कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. कल्हईवाला आमच्या गल्लीत येऊन जे करीत असे तेच हे, फक्त लोखंडावर. १८१३ पासून लंडनमधील एका कारखान्यात असे डबे निघू लागले. गंमत अशी की डबा उघडण्याचे खास हत्यार १८५५ च्या सुमारास निघाले. तोपर्यंत छिन्नी आणि हातोडा हीच साधने. डबा निघाला म्हणून सर्व सुरळीत झाले असेही नव्हे. १८५२ च्या जानेवारीत इंग्लंडच्या आरमाराच्या कोठारातील मांसाचे ३०६ डबे तपासणीसाठी उघडले, त्यांपैकी अवघे ४२ खाण्याजोगे निघाले. दुर्गंधीने तपासनीसांना उभे राहवेना. मोठाल्या डब्यांच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचली नव्हती, असे त्याचे कारण पुढे देण्यात आले. दार भक्कम होते; शत्रू आतच राहिला होता. किती वेळ, किती अंश उष्णता द्यावी ह्याचे मोजमाप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रेस्कॉट आणि अंडरवुड ह्यांनी केले. आंबट नसलेल्या अन्नाच्या डब्याच्या ऐन मध्यास १२१ अंश सेल्सियस उष्णता सुमारे तीन मिनिटे मिळाली पाहिजे, हा आज सर्वमान्य झालेला दंडक त्या वाटेनेच आला.

डब्याचा भाऊ म्हणजे ट्यूब. तिचा जन्म चित्रकाराच्या हातून झाला. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवीत. टाचणीने भोक पाडून रंग काढला की आत हवा जाई आणि रंग वाळे. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड ह्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली मऊ कथलाची, फिरकीच्या झाकणाची नळी काढली. दाबली की रंग बाहेर येई आणि नळी चेपलेलीच राही. हवा परत आत ओढली जात नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत दातांची पेस्ट अशा नळीतून विकू लागले. दंतमंजन कोरडे होते तोवर त्यास पुडी पुरत असे. पाणी घालून त्याची पेस्ट केली तेव्हा नळी आली. नळीतून जे बाहेर आले ते पुन्हा आत जात नाही, आणि बोट तर आत जाऊच शकत नाही. ओल्या चमच्याचा नियम येथे भांड्यानेच पाळला आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या नळ्या मात्र सोडल्यावर फुगतात आणि थोडी हवा आत घेतात. म्हणून महागड्या प्रसाधनांसाठी हवा आत न घेणारे, खालून दट्ट्या वर सरकणारे पंप निघाले आहेत.

तरीही क्रीमचा प्रश्न केवळ दाराने सुटत नाही. क्रीम ह्या शब्दाचा मूळ अर्थ साय. दुधात जसे स्निग्धांशाचे बारीक कण पाण्यात विखुरलेले असतात, तसेच बहुतेक क्रीममध्ये तेलाचे कण पाण्यात असतात. आता विचार करावा: घरातली साय दोन दिवसांत आंबते, मग डबीतली ही साय दोन वर्षे कशी राहते? लोणच्याइतके मीठ तीत घालता येत नाही, अंगाची आग होईल. मोरांब्याइतकी साखर घातली तर चिकटेल. आंबटही बेताचेच चालते. तेव्हा तिला निराळा राखणदार लागतो, आणि तो म्हणजे परिरक्षक द्रव्य. अन्नासाठी बेंझोइक आम्ल आणि त्याचे क्षार वापरात आले. सरबताच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट हे नाव मुलांनी वाचले असेल. त्याच आम्लाच्या नात्यातील पॅराबेन नावाची द्रव्ये विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात औषधांत व प्रसाधनांत आली. ज्यांत पाणीच नाही अशा वस्तूंना, उदाहरणार्थ चेसब्रो ह्याने १८७२ साली पेटंट घेतलेल्या पेट्रोलियम जेलीला, ह्यांची गरज पडत नाही. टाल्कम पावडर आणि लिपस्टिकचेही बहुतांशी तसेच.

पॅराबेनविषयी आज पुष्कळ भय आहे, आणि डबीवर ‘पॅराबेनविरहित’ असे ठळक छापलेले आढळते. हे भय कोठून आले? २००४ साली इंग्लंडात स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींत पॅराबेनचे अंश आढळल्याचे प्रसिद्ध झाले. अंश आढळणे म्हणजे त्यांनी रोग केला असे सिद्ध होणे नव्हे. त्या संशोधनात तसे सिद्ध झालेले नव्हते. पुढे युरोपीय संघाने २०१४ साली पाच जातींची पॅराबेने, ज्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती उत्पादकांनी दिली नव्हती, प्रसाधनांत वापरण्यास बंदी केली, आणि इतर दोन जातींचे प्रमाण उतरवले. मेथिल पॅराबेन ०.४ टक्क्यांपर्यंत चालू राहिले. हे तारतम्य आम्हांस योग्य वाटते. परंतु बाजारास तारतम्य नको असते. कित्येक उत्पादकांनी पॅराबेने काढून त्यांच्या जागी मेथिलआयसोथायाझोलिनोन हे द्रव्य घातले (हे नाव एका दमात म्हणणाऱ्यास आम्ही शाबासकी देऊ), आणि थोड्याच वर्षांत युरोपात त्या द्रव्याने त्वचेवर पुरळ उठणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यास २०१७ पासून बंदी करावी लागली. जुन्या राखणदारावर संशय घेऊन त्यास काढले, आणि नव्याची चौकशी न करता त्यास ठेवले, असा हा प्रकार झाला.

आणि राखणदारच नसेल तर? १९७० च्या दशकात अमेरिकेत पापण्यांना लावावयाच्या मस्काऱ्यामुळे डोळ्यांच्या बुबुळावर व्रण झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदले. ब्रश डोळ्याला लागे, पुन्हा कुपीत जाई, पुन्हा डोळ्याला लागे. कुपीत स्यूडोमोनस जातीचे जीवाणू माजत, आणि बुबुळाला बारीकसा ओरखडा असला की ते आत शिरत. अशा रोगात दृष्टी जाऊ शकते. म्हणून मस्कारा मैत्रिणीचा मागून लावू नये, आणि उघडल्यावर थोड्या महिन्यांत टाकून द्यावा, असे तेथील आरोग्यखाते सांगते. आमच्या विद्यार्थिनी स्नेहसंमेलनाच्या दिवशी एकीची कुपी दहाजणींत फिरवतात, म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले. घरी कोरफडीचा गर गुलाबपाण्यात कालवून आठवडाभर वापरणारेही आहेत. गर उत्तम, पण तो चंदनासारखा आजचा आजच वापरावा. ‘नैसर्गिक’ हा शब्द जंतूंना वाचता येत नाही.

आपल्याकडील कायद्याची स्थिती अशी: १९४० चा कायदा मूळचा औषधांपुरता होता, १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली, आणि सध्या त्यांच्यासाठी २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. शिसे वा आर्सेनिक असलेले रंग त्यांत घालण्यास मनाई आहे. डबीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, तुकडीचा क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत हे छापावे लागते. पुष्कळ डब्यांवर आणखी एक चिन्ह असते, ते युरोपात २००५ पासून आले: झाकण उघडलेल्या एका छोट्या बरणीचे चित्र, आणि त्यात ‘६ एम्’ किंवा ‘१२ एम्’ अशी अक्षरे. ‘एम्’ म्हणजे महिने. डबी उघडल्यापासून इतके महिने वापरावी, असा त्याचा अर्थ. मुदत संपण्याची तारीख न उघडलेल्या डबीसाठी असते, आणि हे महिने उघडलेलीसाठी. दोहोंपैकी जे आधी येईल ते खरे धरावे. उघडल्याची तारीख डबीच्या बुडाशी लिहून ठेवण्यास पेन्सिलीपेक्षा जास्त काही लागत नाही.

राहता राहिली प्लॅस्टिकची गोष्ट. मुंबईतील एका मोठ्या व्यापारी घराण्याने १९८० च्या सुमारास खोबरेल पत्र्याच्या डब्यांतून काढून प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरावयाचे ठरवले, तेव्हा दुकानदार बिचकले: चौकोनी बाटल्या उंदीर कुरतडीत आणि तेल दुकानभर होई. मग बाटली गोल केली, जेणेकरून दात रोवण्यास कोपरा मिळू नये, आणि पिंजऱ्यात उंदरांबरोबर बाटल्या ठेवून दुकानदारांची खात्री पटवली. शत्रूंच्या यादीत जंतू, हवा, उजेड ह्यांच्या जोडीला उंदीरही आहे हे पुस्तकात सहसा लिहिलेले नसते.

त्याच सुमारास तामिळनाडूत शांपूची पुडी निघाली. जिला बाटली परवडत नव्हती त्या बाईला एका वेळेपुरता शांपू थोड्या पैशांत मिळू लागला. ही गोष्ट लहान मानू नये. राखणीच्या दृष्टीने पाहिले तर ती पुडी निर्दोष आहे. एकदा फाडावी, सारे वापरावे. ओला चमचा नाही, बोट नाही, उरलेले नाही. उजेड आणि हवा अडवण्यासाठी कित्येक पुड्यांत प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा कागदाहून पातळ थर असतो, आणि ते थर एकमेकांना इतके चिकटवलेले असतात की मागाहून त्यांना वेगळे करणे अतिशय अवघड व खर्चाचे होते. काच पुन्हा वितळते, पत्रा भंगारवाला नेतो. पुडी कोणी उचलीत नाही. गुटखा व पानमसाला प्लॅस्टिकच्या पुड्यांत विकण्यास २०१६ च्या नियमांनुसार बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तीत पेंढ्या, थाळ्या, कान साफ करावयाच्या काड्या आहेत. शांपूची पुडी नाही. बहुथरी वेष्टनांची जबाबदारी २०१६ पासून उत्पादकांवर टाकलेली आहे. त्यांनी ती गोळा करवून विल्हेवाट लावावयाची आहे. तूर्त आमच्या गावी पहिल्या पावसाबरोबर त्या पुड्या ओहोळातून खाडीकडे निघतात, आतला शांपू केव्हाच संपलेला असतो.